बारा, चोवीस आणि एक वही

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाच्या नोकरीचा हिशेब बोटांवर मांडता येतो. चोविसाव्या वर्षी उपशिक्षक म्हणून लागलेला माणूस पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक असतो, म्हणजे मानधनावर. सेवेची बारा वर्षे भरली आणि नेमून दिलेले प्रशिक्षण पार पडले की वरिष्ठ वेतनश्रेणी मिळते. तिथून आणखी बारा वर्षांनी निवडश्रेणी. पण ती सरसकट नाही, वरिष्ठ श्रेणीतल्या वीस टक्के पदांपुरतीच. म्हणजे छत्तिसाव्या वर्षी पगारात एक पायरी, ज्येष्ठता आणि नशीब जुळले तर अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दुसरी, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती. शेवटच्या दहा वर्षांत वार्षिक वेतनवाढ आणि महागाई भत्ता सोडला तर शासनाकडे त्याला देण्यासारखे काही उरत नाही, आणि त्याच्याकडून नव्याने मागण्यासारखेही काही नसते. ज्याला वर चढायचेच आहे त्याला मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी अशी वाट आहे. केंद्रप्रमुखांच्या पदांचा मूळ आकडा सबंध राज्यात मिळून ४,८६० आणि त्यातलीही बरीच वर्षानुवर्षे रिकामी. शिवाय या वाटेवरचे प्रत्येक पाऊल माणसाला फळ्यापासून लांब नेते. शिकवणे ज्याला चांगले जमते त्याला बक्षीस म्हणून शिकवण्यातून सुटका, असा हा उलटा व्यवहार आहे.

तो केवळ आपल्याकडचा नाही. डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली ‘स्कूलटीचर’ या पुस्तकात तिथल्या शिक्षकांबद्दल हेच नोंदवले होते. वकील, डॉक्टर, कारखान्यातला अभियंता यांच्या नोकरीत टप्पे असतात. शिक्षकाच्या नोकरीत ते जवळपास नसतात. पगाराची उडी सुरुवातीलाच घेतली जाते, पुढची चढण अगदी मंद. म्हणून शिक्षक आपले समाधान वर्गात शोधतो. एखादे मूल वाचू लागले, एखादा धडा रंगला, यात. आपल्याकडे चट्टोपाध्याय आयोगाने ऐंशीच्या दशकात या साचलेपणाकडे लक्ष वेधले आणि त्याच्या शिफारशींतून १९८६ पासून बारा-चोवीसच्या वेतनश्रेण्या आल्या. त्यांनी पगाराचा प्रश्न थोडा हलका केला. पण चौतीस वर्षांत शिक्षकाची वाढ नेमकी कशात व्हायची, या प्रश्नाला त्यांनी हात लावला नाही, आणि वेतनश्रेणीने तो सुटणाराही नव्हता. माझे म्हणणे असे की शिक्षकाच्या नोकरीत खरोखर वाढू शकेल अशी मुख्य गोष्ट एकच आहे: मुलांना एखादी गोष्ट का कळते आणि का कळत नाही, याची त्याची समज. ही समज साठवायची जागा सेवापुस्तकात नाही. शिक्षकाने रोज चार ओळी आपल्या वर्गाविषयी लिहिल्या तर ती साठते. आणि हे लिखाण बढतीच्या हिशेबात धरले तर ते त्याच दिवशी मरते.

‘वर्गाविषयी लिहिणे’ म्हणजे काय, हे एका वजाबाकीवरून पाहू. तिसरी-चौथीच्या वर्गात ४०२ मधून १७६ वजा करायला दिले. उत्तर २२६. एका मुलीने ३७४ लिहिले, एका मुलाने २७६. गुणपत्रकात दोघांच्या नावापुढे सारखीच फुली. पण मुलीने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढला आहे: चारातून एक, सातातून शून्य, सहातून दोन. तिला हातचा हा प्रकारच उमगलेला नाही, किंवा शून्यातून सात जात नाहीत म्हणजे बाजू उलटवायची असते असे तिने स्वतःच ठरवले आहे. मुलाला हातचा माहीत आहे; त्याने दशकाच्या घरात शून्य पाहिले, ते ओलांडून थेट शतकाकडून उसने घेतले आणि एककात बारा केले. मग शून्यातून सात काढताना तो अडला आणि तिथे त्यानेही बाजू उलटवली. पहिलीला दशकाच्या जुड्या पुन्हा हातात द्यायला हव्यात. दुसऱ्याला फक्त एवढे दाखवायचे आहे की शतक मोडले की आधी दहा दशक होतात. चाळीस वह्या तपासताना हा फरक शिक्षकाच्या नजरेला क्षणभर दिसतो आणि पुढची वही उघडली की जातो. संध्याकाळी त्याने दोन ओळी लिहून ठेवल्या तर तो टिकतो. पुढच्या वर्षी त्याच जागी दुसरे मूल अडले की त्या ओळी कामाला येतात. तीन वर्षांनी त्याच्याकडे वजाबाकीतल्या चुकांचा स्वतःचा संग्रह असतो, आणि तो पाठ्यपुस्तकाच्या शिक्षक-हस्तपुस्तिकेत मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप शिक्षकांच्या खोलीतून येईल आणि तो रास्त आहे. ‘अजून लिहायचे? आम्ही दुसरे काय करतो?’ वार्षिक नियोजन, घटक नियोजन, रोजचे टाचण, मूल्यमापनाच्या नोंदी, पोषण आहाराची रोजची माहिती, यू-डायसवर भरायची शाळेची माहिती, विद्यार्थ्यांच्या आधार जुळणीच्या याद्या. त्यात मतदार यादीचे काम आणि जनगणना, जी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नेच शिक्षकांकडून करून घ्यायला मुभा दिली आहे. द्विशिक्षकी शाळेत दोन माणसे पाच वर्ग आणि हे सगळे सांभाळतात. शिक्षिका असेल तर घरी गेल्यावर दुसरी पाळी सुरू होते. हे सगळे खरे आहे. पण या यादीकडे नीट पाहिले तर दिसते की यातले जवळजवळ सगळे लिखाण वरच्या माणसासाठी आहे. शिक्षकाला स्वतःला त्यातून काही कळावे म्हणून त्यातली एकही नोंद आखलेली नाही. टाचण वही आठवड्याला मुख्याध्यापकाच्या सहीसाठी जाते. सही ‘पाहिले’ एवढेच सांगते.

अशा लिखाणाचे काय होते, याचा धडधडीत पुरावा २०१० नंतरच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आहे. कल्पना उत्तम होती. वर्षाअखेरच्या एका परीक्षेऐवजी शिक्षकाने वर्षभर मुलाकडे पाहावे आणि प्रत्येकाविषयी वर्णनात्मक नोंद करावी. विशेष प्रगती, आवड आणि छंद, सुधारणा आवश्यक, अशा तीन रकान्यांत. वर्गात काय घडते हे लिहायला शिक्षकाला मिळालेली ही कदाचित सर्वांत मोठी सरकारी संधी होती. पुढे काय झाले ते महाराष्ट्रातला प्रत्येक शिक्षक जाणतो. तयार नोंदींची पुस्तके बाजारात आली. मग त्याच नोंदींच्या पीडीएफ मोबाइलवर फिरू लागल्या: विषयवार, इयत्तावार, हुशार मुलासाठी वेगळ्या, मध्यम मुलासाठी वेगळ्या. ‘कविता तालासुरात म्हणतो’, ‘गटकार्यात सहभागी होतो’ ही वाक्ये हजारो प्रगतिपत्रकांवर एकाच शब्दक्रमात उतरली. मुलाचे नाव बदलले, वाक्य बदलले नाही. शिक्षकांना आळशी म्हणून हात झटकणे सोपे आहे; मला ते पटत नाही. ज्या नोंदीवर मुलाचे पुढे काही ठरत नाही, जी वाचून कोणी प्रश्न विचारत नाही, पण जी रिकामी राहिली तर शेरेबहीत शेरा पडतो, ती नोंद शहाणा माणूस उतरवूनच काढणार. रोजच्या टाचणाचेही हेच झाले. तपासणीसाठी मागितलेले लिखाण तपासणीपुरतेच होते, मग मागणी कितीही सद्हेतूची असो.

म्हणून मी म्हणतो ती वही या यादीत भर म्हणून घालायची नाही. तिचा स्वभावच वेगळा असायला हवा, आणि तशी परंपरा आपल्याकडे आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेले साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. मागणारे खाते नव्हते, वाचणारी मुले होती. दररोज लिहिण्याची ती सवय पुढे त्यांच्या लेखणीला किती उपयोगी पडली, हे नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली काही रात्रींत लिहून झालेल्या ‘श्यामची आई’कडे पाहून समजते. त्याच्याही आधीचे उदाहरण विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे. सरकारी शाळेत शिक्षक असताना ते शिक्षण खात्याचे ‘शालापत्रक’ चालवत होते. त्यातला मजकूर सरकारला रुचेना आणि ते १८७५ साली बंद पडले. १८७४ च्या जानेवारीत सुरू केलेली ‘निबंधमाला’ मात्र त्यांची स्वतःची होती, तिचे ८४ अंक निघाले. नोकरीत त्यांची बदली रत्नागिरीला झाली, १८७९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. चिपळूणकरांचे लिखाण वर्गातल्या मुलांविषयी नव्हते हे मान्य. पण लिहिणाऱ्या शिक्षकाचे आणि त्याला पगार देणाऱ्याचे नाते कसे असते, ते यातून लख्ख दिसते. खात्याचे पत्रक खात्याच्या मर्जीवर चालते.

वर्गाविषयीच्या लिखाणाचा खरा झरा मात्र बालशिक्षणाकडून आला. ताराबाई मोडक राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. त्या काळात एका स्त्रीला शिक्षणक्षेत्रात याहून मोठी नोकरी मिळणे अवघड. ती सोडून त्या १९२३ च्या सुमारास भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या, म्हणजे बढतीच्या शिडीवरून खाली उतरून लहान मुलांत बसल्या. तिथे ‘शिक्षण पत्रिका’ उभी राहिली आणि पुढे मराठीतही आली. मूल काय करते, कसे करते, कुठे अडते, हे सांगणारी. १९४५ मध्ये बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडला ताराबाईंनी हेच काम पुढे नेले, सोबत अनुताई वाघ होत्या. अंगणवाडी आणि कुरणशाळा या कल्पना त्या परिसरातल्या मुलांकडे रोज बघण्यातून आल्या: मुले शाळेत येत नाहीत तर शाळा अंगणात न्यावी, गुरांमागे जातात तर कुरणात न्यावी. असले निष्कर्ष नियोजनाच्या तक्त्यातून निघत नाहीत. कोण आले नाही आणि का आले नाही, हे रोज पाहून टिपणाऱ्यालाच ते सुचतात. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नरचे ‘टीचर’ हे १९६३ सालचे पुस्तक याच जातीचे. त्याचा मोठा भाग वर्गातल्या रोजनिशीचा आहे. प्रत्येक मुलाला रोज ‘तुला आज कोणता शब्द हवा?’ असे विचारून तो कार्डावर लिहून द्यायची तिची पद्धत. भुताचा, भीतीचा, मायेचा शब्द मूल एकदा पाहून वाचते, आणि सरकारी वाचनपाठातला गुळगुळीत शब्द आठवडाभर घोकूनही विसरते, हे तिला रोजच्या टिपणांतून कळले. तिथल्या निरीक्षकांच्या प्रतवारीत तिची जागा मात्र कधी फारशी वर गेली नाही. नंदुरबारच्या शाळेत पावरी बोलणाऱ्या मुलांसमोर पहिलीचे मराठी पुस्तक उघडणाऱ्या शिक्षकाला हे पुस्तक परके वाटणार नाही.

इथे दुसरा आक्षेप असा की ही सगळी असामान्य माणसे झाली. सामान्य शिक्षकाला रोजच्या चार ओळींनी काय मिळणार? या प्रश्नाला मला सर्वांत वजनदार वाटणारे उत्तर मायकेल ह्यूबरमन यांच्या अभ्यासात आहे. त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा आणि व्हो या प्रांतांतल्या १६० माध्यमिक शिक्षकांच्या दीर्घ मुलाखती घेऊन त्यांच्या नोकरीचे टप्पे मांडले. सुरुवातीची तगून राहण्याची धडपड, मग स्थिरावणे, मधल्या वर्षांत एकतर नवे करून पाहण्याची उमेद किंवा स्वतःविषयीची शंका, आणि शेवटी दोन वाटा: एक निवांत अलिप्ततेची, दुसरी कडवटपणाची. शेवटी समाधानी कोण राहिले? मोठमोठ्या सुधारणा-मोहिमांत झोकून दिलेले शिक्षक नव्हेत. त्यातले अनेक निराश झाले होते. जे आपल्याच वर्गात वर्षानुवर्षे छोटे छोटे बदल करून पाहत राहिले, ते अधिक समाधानी निघाले. मुलाखतींवर आधारलेल्या अभ्यासाला मर्यादा असतात. कदाचित समाधानी स्वभावाची माणसेच असे बदल करत असतील, हीही शक्यता आहे. तरी जिथे दर दोन-तीन वर्षांनी नवी मोहीम, नवे बोधचिन्ह आणि नवी ऑनलाइन लिंक येते त्या महाराष्ट्रातल्या शिक्षकाने हे वाचावे असे मला वाटते. आणि छोटा बदल करून पाहणे याचा अर्थच काल काय केले आणि काय झाले ते आज आठवणे. आठवण दगा देते, म्हणून लिहिणे. विप्रो कंपनीतल्या प्रशिक्षणार्थींवर झालेला एक प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो: दिवसाअखेर पंधरा मिनिटे मनन लिहिणाऱ्यांनी परीक्षेत सुमारे २३ टक्के अधिक यश मिळवले. मी त्यावर भिस्त ठेवणार नाही. त्या प्रयोगावरच्या शोधनिबंधाच्या एका लेखिकेच्या दुसऱ्या कामांवर पुढे आकडे फिरवल्याचे गंभीर आरोप झाले, आणि तसेही कंपनीच्या चाचणीवरून तिसरीच्या वर्गाचा अंदाज बांधणे धाडसाचे आहे.

‘आम्हाला ओळखीचे कितीतरी उत्तम शिक्षक आहेत, त्यांनी आयुष्यात एक ओळ लिहिली नाही,’ असेही कोणी म्हणेल. बरोबर आहे. उत्तम शिकवायला लिहावेच लागते असा माझा दावा नाही. पण असे गुरुजी निवृत्त होतात तेव्हा शाल-श्रीफळ, दोन भाषणे आणि जेवण होते, सेवापुस्तक पंचायत समितीत जमा होते, आणि चौतीस वर्षांत मुलांविषयी त्यांना जे कळले ते त्यांच्याबरोबर घरी जाते. त्याच शाळेत दुसऱ्या दिवशी हजर होणारा नवा शिक्षणसेवक ३७४ आणि २७६ मधला फरक पुन्हा मुळापासून शोधू लागतो.

सर्वांत अवघड आक्षेप पैशाचा. शिक्षकाला ‘समाधान’ विकणे ही पगार कमी ठेवण्याची जुनी युक्ती आहे, असे संघटना म्हणतात आणि त्यांच्यापाशी कारणे आहेत. २००० साली शिक्षणसेवक योजना आली तेव्हा प्राथमिकचे मानधन महिना ३,००० रुपये होते. पुढे ते ६,००० झाले, आणि १६,००० व्हायला २०२३ उजाडले. तेही न्यायालयाने कान टोचल्यावर. मे २०१२ पासून भरती थांबली, मग २०१७ च्या अभियोग्यता चाचणीपर्यंत डी.एड. झालेल्या मुलांनी नुसती वाट पाहिली. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही. मार्च २०२३ चा संप त्यासाठीच होता. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा उरली आहे त्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावे. ज्यांची त्याहून कमी उरली आहे ते नोकरीत राहतील, पण टीईटीशिवाय बढती नाही. वीस-पंचवीस वर्षे शिकवलेल्या माणसाला मार्गदर्शिका आणून बहुपर्यायी प्रश्न सोडवायला बसावे लागते, तेव्हा त्याला चिंतनाच्या गोष्टी सांगणे क्रूर वाटू शकते. हा राग मला समजतो. पण पगार, निवृत्तिवेतन आणि नोकरीची शाश्वती हे हक्क आहेत. ते भांडूनच मिळवायचे, आणि वही त्यांच्या बदल्यात कोणी देऊ करत असेल तर ती नाकारायची. मी वेगळ्या गोष्टीविषयी बोलतो आहे. उद्या हे सगळे हक्क पदरात पडले तरी छत्तीस आणि अठ्ठेचाळीस या वयांच्या मधली बारा वर्षे तशीच राहतात. त्या वर्षांत रोज सकाळी वर्गात जाताना काल नव्हते असे काही आज आपल्याकडे आहे की नाही, हा प्रश्न संघटनेच्या निवेदनात मावत नाही.

मग शासनानेच अशा लिखाणाची दखल का घेऊ नये? राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे, शिक्षकांसाठी व्यावसायिक मानके आणि टप्प्याटप्प्याने चढत जाणारी बढतीची रचना सुचवली आहे. वर्गातच राहून वर जाता यावे, हा त्यामागचा विचार अगदी योग्य आहे. त्या रचनेत चिंतनाच्या नोंदींना गुण द्यावेत असे कोणालाही सहज सुचेल. माझा विरोध नेमका इथे आहे. २३ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने वरिष्ठ आणि निवडश्रेणीला ‘शाळासिद्धी’ या शाळांच्या स्वयंमूल्यमापनातल्या ‘अ’ श्रेणीची अट घातली होती. म्हणजे ज्या तक्त्यात शाळेने स्वतःची उणीव प्रामाणिकपणे लिहायची, त्याच तक्त्यावर शिक्षकाचा पगार अडकवला. अशाने उणीव कोण लिहिणार? पुढे ती अट काढावी लागली. पुरस्कारांचेही तसेच. राज्य पुरस्कारासाठी शिक्षकाने स्वतःचा प्रस्ताव करायचा, त्यात उपक्रमांचे फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणे, प्रमाणपत्रांच्या प्रती. फायलीत फसलेला पाठ कधीच नसतो. आणि वर्गाच्या वहीत सर्वांत मोलाची पाने फसलेल्या पाठांचीच असतात. ‘आज अपूर्णांक कोणालाच कळले नाहीत, मलाही नीट सांगता आले नाहीत’ हे वाक्य निवड समितीसमोर ठेवायचे आहे असे कळले, की ते लिहिलेच जाणार नाही. तयार वर्णनात्मक नोंदींपाठोपाठ तयार चिंतनाच्या पीडीएफ यायला मग महिनाही लागणार नाही.

दोन मर्यादा सांगून ठेवायला हव्यात. मुलांची नावे, जात, घरची भांडणे, आजारपण हे त्या वहीतून बाहेर जाता कामा नये; गावात शिक्षकाचे एक वाक्य मुलाला पुढची दहा वर्षे पुरते. आणि जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमांमुळे शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करणे शिक्षकाला महागात पडू शकते. ते नियम जुनाट आहेत आणि बदलायला हवेत. पण वजाबाकीतल्या चुकांवर लिहायला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.

राहिला वाचकाचा प्रश्न, कारण कोणीच वाचत नसेल तर वही महिन्याभरात बंद पडते. वाचक वरचा नको, बरोबरीचा हवा, आणि त्याची जागा आधीपासून आहे. केंद्रातल्या दहा-बारा शाळांचे शिक्षक शिक्षण परिषदेसाठी एकत्र येतात. तिथे आज परिपत्रकांचे वाचन, ऑनलाइन माहिती भरण्याच्या सूचना आणि एखादा आदर्श पाठ यांतच दिवस जातो. त्यातला एक तास काढून चार शिक्षकांनी आपल्या वहीतले एकेक पान वाचावे. शक्यतो न जमलेल्या पाठाचे. बाकीच्यांनी विचारावे, आपल्या शाळेत काय होते ते सांगावे. त्याचा अहवाल करू नये, फोटो काढू नयेत, गट शिक्षणाधिकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर काही टाकू नये. केंद्रप्रमुखांना माझी विनंती एवढीच आहे, आणि तिच्यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही. पुढच्याच परिषदेच्या विषयपत्रिकेत हा एक तास घालता येतो.